सीटखालचं इंजिन

नमस्कार, श्रोतेहो.

जुन्या व्हॅनचं इंजिन बरेचदा पुढच्या सीटखाली दडलेलं असतं. त्यामुळे चालवणाऱ्याची बैठक तर तापतेच, पण खरी अडचण वेगळीच आहे. सीटवरचं सामान काढा, कडी सोडा, झाकण उचला, एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून महिनोन्महिने आत कुणी डोकावतच नाही. मग एक दिवस गाडी झटके द्यायला लागते, चढावर दम टाकते, पेट्रोल जास्त पिते. आणि आपण स्क्रूड्रायव्हर घेतो तो थेट कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर.

आज मला तिथेच तुमचा हात धरायचा आहे. कार्बोरेटर आणि सीबी पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणारा छोटा स्विच, असलेल्या गाडीचं ट्यूनिंग करताना कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. त्याच्या आधीचं काही बिघडलेलं असेल, तर स्क्रू फिरवून तुम्ही फक्त दोष झाकता. वर मूळ सेटिंग गेलं ते गेलंच.

सुरुवात स्पार्क प्लगपासून, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या प्लगपासून करा, इंजिन थंड असताना. प्लगच्या वायर एकेक करून काढा आणि लगेच त्याच जागी लावा. मी एकदा चारही वायर एकदम काढून शेजारी नीट मांडून ठेवल्या होत्या. मधेच कुणी हाक मारली, मी उठलो, आणि परत आल्यावर कुठली वायर कुठली ते आठवेना. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. माझा काहीतरी भलताच लागला, आणि गाडी सायलेन्सरमधून असे बार काढायला लागली की शेजारी बाहेर आले.

काढलेला प्लग पुसू नका, आधी बघा. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर आतली ज्वलनाची स्थिती चांगली. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओलं, तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सिलं गेली असण्याची शक्यता. आणि पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे, इंजिन जास्त तापतंय. अर्धं निदान इथेच होतं, तेही फुकटात.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या झडपा दाबून उघडणारे भाग. लोकांना टॅपेटचा टकटक आवाज खुपतो, म्हणून ते घट्ट करून घेतात. माझं मत उलट आहे. थोडा बोलणारा टॅपेट एक वेळ चालेल, मुका नको. जळके वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता बंद असताना त्याच्या सीटला, म्हणजे तो बसतो त्या कड्याला, टेकून बाहेर टाकतो. सीट झिजत गेली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे टॅपेट आणि व्हॉल्व्हमधलं अंतर, कमी कमी होतो. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, फटीतून जळते वायू सुटतात आणि त्याची कड जळते. हे सगळं कुठलाही आवाज न करता होतं. गॅप किती ठेवायचा आणि तो थंड इंजिनवर मोजायचा की गरम, ते गाडीच्या पुस्तकात असतं. अंदाजाने ठेवू नका.

त्यानंतर डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज पोचवणारा भाग. पॉइंट त्यातच असतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर चार सिलिंडरच्या गाडीत पॉइंट त्याच मिनिटात ६००० वेळा उघडतात, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. पॉइंटला कॅमवर घासणारा एक छोटा तुकडा असतो. तो झिजला की पॉइंटचा गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. म्हणूनच आधी पॉइंट आणि मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. उलट केलंत तर टायमिंग दुसऱ्यांदा करावं लागेल. पॉइंटचा गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास असतो, पण शेवटचा शब्द पुस्तकाचाच. पुलीवरच्या खुणेवर आधी खडू घासून ठेवा, टायमिंग लाइटच्या, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याच्या, उजेडात ती स्पष्ट दिसते. सैल बाह्या आणि लोंबत्या ओढण्या मात्र फॅन बेल्टपासून लांब.

एवढं झाल्यावर रबरी व्हॅक्यूम पाइप वाकवून बघा. भेग पडलेल्या पाइपातून जादा हवा आत गेली की आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग, वरखाली होतं, आणि आळ येतो कार्बोरेटरवर. पाइप शाबूत असले, इंजिन पूर्ण गरम झालं आणि चोक, म्हणजे थंड इंजिनसाठी हवा अडवणारी झडप, उघडला, की मग खुशाल कार्बोरेटरचा स्क्रू फिरवा. बहुतेक वेळा पाव फेऱ्यात काम होतं.

आता थोडं पाण्याचं. गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. त्या झाकणाने आत दाब धरलेला असतो. वातावरणापेक्षा एक बार जास्त दाब असला, तर साधं पाणीसुद्धा १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. झाकण सुटलं की तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. व्हॅनमध्ये रेडिएटर एकीकडे आणि इंजिन दुसरीकडे असेल तर मधले पाइप लांब पडतात. कूलंट बदलल्यावर त्यात हवा अडकते, आणि नवं कूलंट घालूनही गाडी तापते. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो वापरा.

ऑइल बघायचं ते सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबल्यावर. ऑइल काळं पडलं म्हणून घाबरू नका, मळ धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. डिपस्टिकवर दुधाळ, चहासारखा रंग दिसला तर मात्र ऑइलमध्ये पाणी शिरलंय. ती गाडी पुढे चालवू नका.

आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हना पिस्टनच्या तालात ठेवणारा रबरी पट्टा असेल, तर तो किलोमीटरसोबत वर्षांवरही बदलावा लागतो. उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं. काही इंजिनांत हा बेल्ट तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात.

सीट परत खाली टाकण्याआधी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवा, ऑइल सोडायच्या ड्रेन प्लगखाली कागद सरकवा आणि थेंब पडतोय का बघा. आज काय काय केलं ते किलोमीटरच्या आकड्यासह एका वहीत लिहा, आणि वही गाडीतच ठेवा.

नमस्कार.