वांगी, लोकर आणि वाघर

श्रोतेहो, नमस्कार. आज गोष्ट लोकरीची. ती खत म्हणून परसबागेत घालायची. पण आधी भिजवायची, मग मातीखाली. आधी भिजवायची, मग मातीखाली. हे का सांगतोय ते ऐका.

दिवाळीनंतर आमच्या रानात मेंढरं बसवली होती. लेंडीखतासाठी बसवतात, तुम्हाला ठाऊक आहे. निघताना मेंढक्याच्या बिऱ्हाडाजवळ लोकरीचं पोतं दिसलं. म्हटलं, "मामा, किती घेणार?" म्हणाले, "न्या की, कोण इचारतंय तिला!"

खरंच कोण विचारतं? आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिचं स्वेटर होत नाही, घोंगडी होते. आणि पाहुण्याला घोंगडी अंथरायची सोडून आपण प्लॅस्टिकची खुर्ची सरकवतो. माझ्या मते तिथंच आपलं बिघडलं. घरात कुणाला पटत नाही, असो.

तर मी ती लोकर तशीच, कोरडीच, वांग्यांच्या बुडाशी पसरली. संध्याकाळी वारं सुटलं. सकाळी पाहतो तर वाफे उघडे! लोकर कुंपणाला, लोकर शेजारच्या तुळशीत, लोकर काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर. काकू दारात उभ्या. "अरे, रात्री कुत्र्यांनी कुणाचं मेंढरू फाडलं की काय?" मी गप्प. केरसुणी घेऊन दुपारपर्यंत लोकर गोळा केली. पापडांवरची काकूंनी वेचली, बोलत बोलत. तेवढ्यात मामा काठी विसरली म्हणून परत आले. बघून हसले. "मेंढरं आम्ही वाघरीत कोंडतो, आन् तुमी लोकर मोकळी सोडली व्हय? वल्ली करा, वर माती लोटा!" वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी.

वेळ थोडा उरलाय. लोकर म्हणजे आपल्या नखाकेसांतलंच प्रथिन, केराटिन. शुद्ध लोकरीत सुमारे 16 टक्के नत्र असतं, शिवाय गंधक. कुजायला महिनोन् महिने लागतात, म्हणून युरियासारखा झटका नाही. भिजलेली लोकर ओल धरते, पण कोरडी पटकन पाणी पीत नाही. रात्रभर बादलीत बुडवा. ते मळकं पाणीही झाडांनाच घाला. मग मूठभर लोकर मोकळी करून आळ्यात पसरा, खोडापासून चार बोटं लांब, वर माती. गोचीड-पिसवांचं औषध नुकतंच मारलेल्या मेंढराची लोकर मात्र भाजीला नको.

आमची वांगी लागली. पहिली टोपली काकूंकडे गेली. त्यांनी भरीत करण्याआधी प्रत्येक वांगं उजेडात धरून पाहिलं म्हणे, केस आहे का.