जरा हळू वाजवा

नमस्कार. तुम्ही मला बोलायला उभं केलंत खरं, पण आधीच सांगून टाकतो, मी संगीतातला जाणकार वगैरे नाही. आम्ही पाच जण दर शनिवारी संध्याकाळी एका घरात जमतो आणि वाजवतो, गेली सहा वर्षं, आणि आजवर एकदाही स्टेजवर गेलेलो नाही, जायचा विचारही नाही. मी गिटार, एक बासवाला, एक कीबोर्डवाला, एक कहोन वाजवणारा (कहोन म्हणजे ते लाकडी खोकं, ज्याच्यावर बसायचं आणि त्यालाच थापा मारायच्या, मूळचं पेरूमधलं) आणि एक गाणारी. जमतो कीबोर्डवाल्याच्या घरी. तो फार प्रेमळ आहे म्हणून नाही, तर तो कीबोर्ड उचलून दुसरीकडे न्यायचा सगळ्यांनाच कंटाळा म्हणून.

लोक विचारतात, प्रोग्रॅम कधी करताय? नाही करत म्हटलं की त्यांचा चेहरा असा होतो की बिचारे अजून तयार नाहीत वाटतं. म्हणजे घरी वाजवणं ही तालीम आणि खरं वाजवणं पुढे कधीतरी, असं गृहीतच धरलेलं असतं. आता आपल्याकडे हौशी म्हटलं की जरा कच्चा असा वास येतो, पण शब्दात बघाल तर हौस आहे, कच्चेपणा कुठंच नाही, आणि इंग्रजीतला अमॅच्युअरसुद्धा लॅटिनमधल्या प्रेम करणे या क्रियापदावरून आलाय. रेकॉर्ड नव्हत्या तेव्हा तर युरोपात एखादी सिंफनी परत ऐकायची असेल तर घरी पियानोवर दोघांनी शेजारी बसून चार हातांनी ती वाजवायची, बहुतेकांना हाच मार्ग होता, त्यासाठी मुद्दाम तशा प्रती छापल्या जायच्या. शूबर्ट या संगीतकाराच्या घरी घरातल्यांचंच चौकडं होतं, दोन भाऊ व्हायोलिनवर, हा स्वतः व्हिओलावर (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं) आणि वडील चेलोवर (त्याहून मोठं, बसून वाजवायचं). आणि मला सगळ्यात आवडणारा किस्सा म्हणजे 1784 च्या सुमारास व्हिएन्नात एका घरगुती पार्टीत चौघांनी मिळून क्वार्टेट वाजवलं, पहिल्या व्हायोलिनवर हायडन, दुसऱ्यावर डिटर्सडॉर्फ, व्हिओलावर मोझार्ट, चेलोवर वानहाल, चौघेही त्या काळचे नावाजलेले संगीतकार. तिथं मायकल केली नावाचा गायक हजर होता, त्याने नंतर आठवणीत लिहून ठेवलंय की वाजवणारे बरे होते, कुणीच आपापल्या वाद्यात फार उस्ताद नव्हता. मोझार्ट आणि हायडन! हे वाचल्यापासून मी निर्धास्त झालोय.

तर आता मुद्द्यावर येतो. घरी वाजवणाऱ्या ग्रुपची खरी अडचण काय असते? लोकांना वाटतं वाजवता न येणं. नाही हो. वाजवता कुणाला फारसं येत नसतंच, ते सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. अडचण ही की प्रत्येकाला स्वतःचं वाद्य ऐकू यायला पाहिजे असतं. मला माझी गिटार ऐकू येत नाही म्हणून मी अँप (आवाज मोठा करणारा डबा) थोडा वाढवतो, मग बासवाल्याला त्याचा बास ऐकू येत नाही, तो वाढवतो, कहोनवाला जोरात थापा मारायला लागतो, गाणारी ओरडायला लागते, आणि कीबोर्डवाला काही न बोलता आवाजाची ती बारकी खुंटी पुढे सरकवतो. हे कुणी मुद्दाम करत नाही. फ्रान्समध्ये एतिएन लोंबार नावाच्या कानाच्या डॉक्टरने 1911 साली दाखवून दिलं की आजूबाजूला गोंगाट असला की माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, त्याला ते कळतही नाही. वाजवतानाही तेच, फक्त हातात अँप आहे.

बरं, त्याचा कानावर परिणाम होतो ते वेगळंच. अमेरिकेतली निऑश ही संस्था कामाच्या जागेसाठी मर्यादा सुचवते, 85 डेसिबलला 8 तास, आणि तिथून दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 94 ला एक तास आणि 100 ला फक्त पंधरा मिनिटं. लहान खोलीत अँप आणि कहोन मिळून तिथपर्यंत पोचायला काही कष्ट पडत नाहीत, आणि आम्ही अडीच तास वाजवायचो. घरी जाताना कानात शिट्टी वाजायची, आम्हाला वाटायचं आज मस्त जमलं.

भिंतींना अंड्याचे ट्रे लावायचा प्रयोगही आम्ही केला, तुमच्यातही कुणी केला असेल, हात वर करू नका. त्याने खोलीतला वरच्या सुरांचा घुमारा जरासा कमी होतो, बस. शेजारी जायचा तो आवाज जातोच, त्यातही बास जास्त, कारण खालचे सूर अडवायला जड भिंत लागते आणि फटी बंद लागतात, पुठ्ठ्याचं काम नाही ते. आणि बासचा अँप कोपऱ्यात ठेवला की तो आणखी घुमतो. आमचा कोपऱ्यातच होता, दुसरीकडे जागाच नव्हती.

मग कीबोर्डवाल्याला मुलगी झाली. दोन महिने बंद होतं सगळं, आणि मग एका शनिवारी त्याने बोलावलं, आम्ही वायरी वगैरे काढतोय तोवर वहिनी दारात आल्या आणि म्हणाल्या, आत्ताच झोपलीय, वाजवा, पण जरा हळू वाजवा, उठली तर तुम्ही झोपवायचं. आवाज अजिबात चढवलेला नव्हता त्यांनी. आम्ही पाचही जण चिडीचूप. मोठे अँप बाहेर काढलेच नाहीत. मी गिटार अँपशिवाय तशीच घेतली, बासवाल्याने एकच छोटा अँप लावला आणि त्याचं तोंड स्वतःच्या पोटरीकडे केलं, कहोनवाला तळहाताऐवजी दोन बोटांनी वाजवायला लागला आणि गाणारी जवळजवळ गुणगुणतच होती.

आणि सांगतो, पहिल्या पाच मिनिटांत आम्हाला आमची सहा वर्षांची सगळी पापं ऐकू आली.

पहिलं पाप सुराचं. कीबोर्ड काय, फॅक्टरीतून येतो तसाच असतो, त्याचा ए हा सूर म्हणजे 440 हर्ट्झ, सेकंदाला 440 कंपनं. बाकीच्यांनी त्याला लावून घ्यायचं. मी आपला फोनवरच्या ट्यूनरचा हिरवा दिवा बघून तारा लावायचो आणि समजायचो झालं. पण नवीन तारा ताणल्या जातात, दोन गाण्यांत खाली येतात, आणि तेव्हा कोण परत बघतंय. त्या दिवशी मी आणि कीबोर्डवाल्याने एकच सूर धरला आणि त्या सुरात एक हेलकावा यायला लागला, वाँव वाँव वाँव, सेकंदाला दोन-तीनदा. हे साधं गणित आहे, एक सूर 440 आणि दुसरा 442 असला की सेकंदाला बरोबर दोन हेलकावे येतात, जवळ आणाल तसे ते मंदावतात आणि जुळले की थांबतात. मी खुंटी पिळत गेलो, वाँव-वाँवचं वाँ…व झालं, मग थांबलं, आणि खोलीत एकदम कुणीतरी पंखा बंद केल्यासारखं वाटलं. हे पुस्तकात वाचलेलं होतं हो. ऐकलं त्या दिवशी पहिल्यांदा.

दुसरं पाप लयीचं. बासवाल्याने फोनवर मेट्रोनोमचं, म्हणजे टिकटिक करून लय मोजणारं ॲप काढून ठेवलं, त्याला आधीपासून संशय होता. (मेट्रोनोमचं पेटंट मेल्त्सेलने 1815 मध्ये घेतलंय, म्हणजे दोनशे वर्षं हे यंत्र माणसांची भांडणं लावतंय.) मिनिटाला 92 ठोक्यांवर सुरू केलेलं गाणं शेवटच्या अंतऱ्याला 106 वर होतं. प्रत्येकाने लगेच दुसऱ्याकडे बघितलं. पण यात एकट्याची चूक नसते, एकत्र ताल धरणारी माणसं एकट्यापेक्षा जास्त पळतात हे संशोधकांनी प्रयोग करून बघितलंय. जो थोडा पुढे असतो त्याला गाठायला बाकीचे पळतात, पण तो मागच्यांसाठी थांबत नाही. हळू वाजवताना आम्हाला कळलं की कहोनवाला लय बरीच धरून ठेवत होता बिचारा, आम्ही त्याला फरफटत नेत होतो, आणि शिव्या त्यालाच.

इथं जरा विषयांतर करतो. 2020 मध्ये सगळे घरात बसलेले तेव्हा आम्ही व्हिडिओ कॉलवर वाजवून बघितलं होतं, आणि तेव्हा याच्या उलट झालं, गाणं हळू हळू होत चक्क थांबलं. आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे खोलीत तीन-साडेतीन मीटरवर बसलेल्याचा सूर माझ्यापर्यंत यायला 10 मिलिसेकंद लागतात, तेवढं खपतं. 25-30 च्या वर गेलं की हात अडखळायला लागतात, आणि कॉलवर तर शंभराच्या पुढे सहज. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघतो, दुसरा याची. शिवाय ते ॲप गिटारला गोंगाट समजून गाळून टाकत होतं. त्याचाही काही दोष आहे असं मी म्हणणार नाही.

तर तिसरं पाप. ते माझं एकट्याचं.

आमचं एक गाणं आहे, ते गाणारीच्या गळ्याला सी स्केलमध्ये (म्हणजे सी हा सा धरून) बसतं, आणि सी म्हटलं की एफ कॉर्ड आलीच, कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे तीन-चार सूर. ज्यांनी गिटार हातात धरलीय त्यांना माहितीय एफ म्हणजे काय, पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या, तेही पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या) जिथं तारा सगळ्यात कडक. मला ती वेळेत लागायची नाही. म्हणून मी तिथं एफ वाजवतच नव्हतो, गुपचूप डी मायनर वाजवत होतो, तीन बोटांत लागते. आठ महिने! त्या गोंगाटात कुणाच्या बापाला कळलं नाही, आणि कळणार कसं, एफमध्ये एफ, ए, सी आणि डी मायनरमध्ये डी, एफ, ए, तीनपैकी दोन सूर तेच. (कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, पाचव्या फ्रेटला लावून जीच्या आकारांत वाजवलं असतं तर एफच्या जागी साधा सीचा आकार आला असता, हे शहाणपण नंतरचं.)

त्या संध्याकाळी ती ओळ आली आणि कीबोर्डवाला वाजवता वाजवता माझ्या बोटांकडे बघायला लागला. ओळ संपली तसा तो म्हणाला, परत घ्या. परत घेतली. मग एकदम हळू आवाजात, आत मुलगी झोपलेली ना, मला म्हणाला, अरे हे काय वाजवतोयस तू? मी म्हटलं, कधीपासून की इथून पुढे? बासवाला इतका हसला की तोंडात शर्टाची बाही कोंबावी लागली त्याला.

मग मी तीन आठवडे घरी बसून एफ घोटली. बोटाला आडवा वळ पडला. आणि पुढच्या बैठकीत, मुलगी परत झोपलेली, सगळं परत हळू, मी ती ओळ आल्यावर स्वच्छ, खणखणीत एफ वाजवली, सहाच्या सहा तारा. गाणारी मध्येच थांबली. म्हणाली, काहीतरी गेलं इथलं. बासवाला म्हणाला, गेलं नाही, आलं, आता बरोबर झालंय. ती म्हणाली, असेल बरोबर, पण मला टेकायला काही नाही तिथं.

कीबोर्डवाल्याने तिला ती ओळ नुसती गायला लावली आणि खाली बोटं ठेवून बघितलं. त्या जागी ती रे वर थांबते, म्हणजे डी. साध्या एफमध्ये डी नाहीच. माझ्या चोरीच्या डी मायनरमध्ये होता, खाली बास एफ वाजवत होता, वर कीबोर्ड एफ, सगळं मिळून एफ सिक्स्थ, म्हणजे एफमध्ये डी मिसळलेली कॉर्ड होत होती, आणि ती आठ महिने त्या एका सुरावर भार टाकून गात होती, तिलाही माहीत नव्हतं, आम्हालाही नाही.

कॉर्ड लिहिलेला आमचा कागद अजून कीबोर्डच्या स्टँडला चिकटवलेला आहे. त्या ओळीवर कीबोर्डवाल्याच्या अक्षरात लिहिलंय, एफ, आणि शेजारी कंसात, तू डी मायनरच वाजव.