झोपाळ्याची फळी

(दृश्य: रिकामी ओसरी. तुळईला दोन कड्या, खाली काही नाही.)

झोपाळा होता तो इथे. धुळ्यात, पांझरेकाठच्या एका वाड्यात. वाडा उतरवायला घेतला तेव्हा भंगारवाल्याने आधी पितळी साखळ्यांचा भाव केला आणि फळीकडे बघून म्हणाला, ही जळणात जाईल. पाच फूट लांब, दोन इंच जाड, अखंड शिसव. जळणात!

(दृश्य: सुतारगल्ली. फळी सुतारी घोड्यावर.)

या घरात तीन पिढ्या चौकटी, पलंग, देव्हारे झाले. चौथी पिढी गिटार करते. आजोबांचा रंधा, गुण्या, पटाशी तीच आहे. करवत तेवढी विजेवरची.

(दृश्य: पातं फळीच्या जाडीतून चालतंय. भुसा.)

वरून ही फळी तेलकट काळी दिसत होती. आत बघा. जांभळट तपकिरी, मधून काळ्या रेघा. भुसासुद्धा जांभळा. वास गोडसर, या जातीच्या लाकडांना इंग्रजीत रोझवुड नाव पडलं ते या वासामुळे. वनस्पतिशास्त्रातलं नाव डालबर्जिया लॅटिफोलिया. सातपुड्यातही उगवतं. गिटारच्या दुनियेत त्याला मोठा मान मिळाला तो १९६९ च्या सुमारास. ब्राझीलच्या शिसवाचे ओंडके मिळेनासे झाले आणि अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने भारतीय शिसव घेतला.

(दृश्य: दोन पातळ काप पुस्तकासारखे उघडतात.)

एकाला एक लागून निघालेले हे दोन काप. पुस्तक उघडावं तसे शेजारी ठेवले की डावीकडची रेघ उजवीकडे आरशात पडल्यासारखी दिसते. गिटारची पाठ अशीच जोडतात. फळीच्या एका टोकातून असे दहा काप निघाले. पाच गिटारींच्या पाठी. एका कापात साखळीच्या कडीचं भोक आलं. कारागिराने ते फेकलं नाही, सागाची गोल खुंटी ठोकून बुजवलं. पुढे दिसेलच.

(दृश्य: काप दोन बोटांत लोंबता धरून टिचकी.)

हा आवाज नीट ऐका. काशाच्या वाटीसारखा रेंगाळतो. आता शेजारची आंब्याची फळी. थप्प. संपला. शिसव जड आणि घट्ट असतो, आणि कंपन स्वतःत फारसं गिळत नाही. म्हणून वादक म्हणतात, शिसवी पाठीच्या गिटारचा खर्ज खोल आणि गुंज लांब. महोगनीचा आवाज त्यांना कोरडा, नेमका वाटतो. मेपलचा लख्ख, पण लवकर विरणारा.

(दृश्य: तापलेला पाइप, वाफ, ओली पट्टी हळूहळू वळते. हे दृश्य पूर्ण राहू द्यावं.)

बाजूच्या पट्ट्या जेमतेम दोन मिलिमीटरच्या. भिजवायच्या, तापल्या पाइपवर टेकवायच्या, आणि वाट बघायची. उष्णतेने लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य सैल पडतं, तेव्हा लाकूड वळतं. जोर लावला की तडकतं. हाताला कळतं ते कधी सैल पडलं. आम्ही विचारलं तर कारागिराला सांगता आलं नाही. कमरेची खाच हीच, सगळ्यात अवघड.

(दृश्य: पांढुरकी फळी, सरळ बारीक रेषा.)

ही मात्र इथली नव्हे. सिटका स्प्रूस. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, वजनाला शिसवाच्या निम्मा, आणि त्या मानाने ताठ. पोलादी तारांचा ताण सत्तर किलोच्या घरात जातो. तो सोसायचा आणि तारेबरोबर थरथरायचंही, हे पुढच्या फळीचं काम. म्हणून ती जाडीला तीनेक मिलिमीटर, आणि आतून आधाराच्या पट्ट्या. काहीजण स्प्रूसऐवजी सीडर लावतात. ते लालसर, मऊ. हलक्या बोटालाही जागं होतं. खरा गळा पुढच्या फळीचा.

मग पाठीचं काय? स्पेनचा गिटार-कारागीर आंतोनियो दे तोर्रेस याने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, पुढची फळी लाकडाचीच ठेवली. गिटार वाजली. २०१८ मध्ये इंग्लंडातल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा गिटारी बनवून घेतल्या. फरक फक्त पाठीच्या आणि बाजूच्या लाकडाचा. ५२ वादकांना वेल्डरचे गॉगल लावून मंद उजेडात वाजवायला दिल्या. महाग लाकडाच्या आणि स्वस्त लाकडाच्या गिटारींना त्यांनी जवळपास सारखेच गुण दिले.

(दृश्य: कारागीर हसतो.)

त्याला हे सांगितलं तेव्हा तो असा हसला. म्हणाला, मग जुनी फळी चालंल म्हणजे!

आम्हालाही तेच म्हणायचं होतं.

(दृश्य: दुपार, पत्र्याचं छत, भिंतीवरचा ओलावामापक.)

मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. हवा इतकी कोरडी होते की लाकूड रेषेच्या आडवं आकसतं. लांबीत नाही, रुंदीत. पुण्या-मुंबईत केलेली गिटार इथे आली की पुढची फळी फुटते ती उन्हाळ्यातच. म्हणून चिकटवायचं काम पावसाळा ओसरल्यावर. नव्या लाकडावर बोट ठेवून तो म्हणतो, "आखो कोल्लं व्हयनं नही." म्हणजे अजून वाळलं नाही. झोपाळ्याच्या फळीबद्दल असं म्हणत नाही. तिने किती मे बघितले, कोण मोजणार.

जंगलातला शिसव आता जगभर असुरक्षित जातींत मोजला जातो. २०१७ पासून डालबर्जिया गटातल्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आहे, तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली.

(दृश्य: लाखेचा बोळा पाठीवर गोल फिरतो. रेघा उजळतात. खुंटी दिसते.)

एक हात, वाळवण. दुसरा हात, वाळवण. असे किती, ते त्याने मोजलेले नाहीत.

(दृश्य: वाड्यातल्या आजी, पलंगावर. गिटार पालथी मांडीवर. बोट सागाच्या खुंटीवर थांबतं.)

(इथे निवेदन नाही.)

(दृश्य: कारखाना. पहिली तार चढते.)

बाकीच्या चार पाठी माळ्यावर आहेत. दिवाळीनंतर हातात घेणार.

(तारेचा आवाज, विरेपर्यंत.)