मनीप्लांटचं पेर

(दृश्य : स्वयंपाकघराची खिडकी, सकाळचा उजेड. ग्रीलवरून ओट्यापर्यंत लोंबणारी वेल.)

मागून आणलेला मनीप्लांट जगत नाही, चोरून आणलेलाच फोफावतो, असं घरोघरी सांगतात. पुण्यातल्या या घरातली वेलही शेजारच्या जिन्यातून, न विचारता आलेली. ती फोफावली ते पेरामुळे.

(दृश्य : कात्री, अगदी जवळून.)

पानाचा देठ जिथे वेलीला चिकटतो तिथली ही गाठ बघा. हे पेर. त्याच्या पाठीशी तपकिरी टोक डोकावतंय, ते हवाई मूळ. कात्री पेराच्या थोडी खाली लावायची. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर कधी कधी मुळं फुटतात, पण वेल होत नाही. नव्या कोंबाचा डोळा पेरातच असतो.

(दृश्य : काचेची बाटली, दिवसामागून दिवस.)

पहिला आठवडा काहीच हलत नाही. मग तपकिरी टोक पांढरं होतं, लांबतं, त्याला फाटे फुटतात. पाणी दर आठवड्याला बदलायचं, बाटली घासायची. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतात.

मुळं बोटभर झाली की कुंडी. तळाला भोक हवंच. माती, कोकोपीट, थोडं गांडूळखत. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. आत ओल लागली तर तांब्या परत न्यायचा. सतत भिजलेल्या मातीत हवा उरत नाही, मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात. आणि वेल तहानली समजून आपण आणखी पाणी ओततो. मनीप्लांट बहुतेक असेच जातात.

उजेड भरपूर, पण दुपारचं थेट ऊन नको. अंधाऱ्या कोपऱ्यात ती जगते, पण नव्या पानांवरचे पिवळे शिंतोडे हळूहळू कमी होत जातात.

(दृश्य : कोकणातली वाडी. माडावर चढलेली वेल, सुपाएवढी पानं.)

हीसुद्धा तीच वेल. चढायला खोड मिळालं की पान मोठं होतं, कडेला फाटतं. घरात आपण तिला खाली सोडतो आणि पानं लहानच राहतात. काठीला काथ्या गुंडाळून द्या, तो ओला ठेवा. हवाई मुळं स्वतःच पकड घेतात.

तिचं मूळ घर पॅसिफिक महासागरातलं मोरेआ बेट. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम, कूळ आपल्या अळूचं. अळवाच्या फतफत्यात चिंच पडते ती ज्या खाजेसाठी, तीच खाज या पानांतही आहे. रांगतं मूल आणि मांजर यांच्या तोंडी लागू देऊ नका. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसं तयार होत नाही, त्यामुळे ती जवळजवळ फुलतच नाही. फूल नाही, म्हणून बी नाही. मोरेआपासून या ओट्यापर्यंत ती आली आहे कांडीकांडीने, हातोहात. छाटलेल्या कांड्या मात्र ओढ्याकाठी फेकू नका. श्रीलंकेत आणि हवाई बेटांवर ती जंगलात घुसली आहे.

(दृश्य : पेरातून निघालेली पानाची सुरळी.)

ही सुरळी उलगडायला चार दिवस लागले. कॅमेरा खिडकीतच ठेवला होता.