उचलण्याआधी शिकवा: लहान कुत्र्यांचे आज्ञापालन आणि अ‍ॅजिलिटी

मित्रहो, लहान जातींचे कुत्रे असलेल्या घरांत एक गोष्ट मी सातत्याने पाहत आले आहे. कुत्रा भुंकला की त्याला उचलले जाते. जिना आला, पाहुणे आले, लिफ्टचे दार उघडले, समोरून दुसरा कुत्रा आला, तरी उचललेच जाते. तीन-चार किलोच्या जिवाला उचलणे सोपे असते, आणि म्हणूनच ज्या क्षणी त्याला काही शिकवता आले असते, तो क्षण काहीच न शिकवता निघून जातो. तीस किलोचा लॅब्राडोर पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारू लागला, तर त्याच आठवड्यात प्रशिक्षकाचा शोध सुरू होतो. पॉमेरेनियनने तेच केले, तर सगळे कौतुकाने हसतात. लहान कुत्र्याची शिकण्याची क्षमता मोठ्या कुत्र्याइतकीच असते, पण त्याला शिकण्याची संधी फार कमी मिळते, हे आज मला तुमच्यासमोर मांडायचे आहे.

हे केवळ माझे निरीक्षण नाही. व्हिएन्नातील संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २० किलोहून कमी वजनाचे आणि त्याहून मोठे कुत्रे सांभाळणाऱ्यांना त्यांच्या वागण्याबद्दल आणि कुत्र्यांच्या वागण्याबद्दल प्रश्न विचारले होते. लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात कमी सुसंगत असतात, म्हणजे आज जे चालते ते उद्या चालत नाही, आणि ते कुत्र्यासोबत सराव व खेळही कमी करतात, असे त्यातून दिसले. लहान कुत्रे कमी आज्ञाधारक आणि अधिक चिडखोर असल्याचे त्याच मालकांनी सांगितले. शिवाय जिथे शिक्षा वारंवार होत होती, तिथे लहान कुत्र्यांमध्ये भित्रेपणाही अधिक होता. एवढ्याशा जिवावर ओरडणाऱ्या माणसाची उंची त्याच्या स्वतःच्या उंचीच्या सात-आठ पट असते, हे लक्षात घेतले तर या निष्कर्षाचे आश्चर्य वाटायला नको.

‘हा तर शोभेचा कुत्रा’ हा समज जुना आहे, आणि तो खोडून काढण्याच्या प्रयत्नातूनच अमेरिकेत आज्ञापालनाच्या स्पर्धा उभ्या राहिल्या. हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाई मोठ्या आकाराचे पूडल पाळत. पूडल म्हणजे केस कापून मिरवण्याचा नाजूक प्राणी, अशी त्या काळी लोकांची समजूत होती. आपले कुत्रे काम करू शकतात हे दाखवून देण्यासाठी त्यांनी १९३३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील माउंट किस्को येथे आज्ञापालनाची चाचणी भरवली. तिच्यात आठ कुत्रे उतरले होते. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आणि स्पर्धा भरवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लब या संस्थेने १९३६ मध्ये हा प्रकार अधिकृतपणे स्वीकारला. वॉकर यांचे पूडल आकाराने लहान नव्हते, तरीही मला ही हकिकत महत्त्वाची वाटते, कारण सुंदर दिसणाऱ्या प्राण्याकडून आपण किती थोडी अपेक्षा ठेवतो, हे तिच्यातून नेमके कळते.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे वळू. शिकण्याचे मूलभूत नियम सर्व कुत्र्यांना सारखेच लागू होतात: ज्या कृतीनंतर हवेहवेसे काही मिळते, ती कृती पुन्हा घडते, आणि ते मिळणे जितके तत्काळ, तितका संबंध पक्का होतो. म्हणूनच कृती घडलेल्या क्षणी क्लिकरचा, म्हणजे दाबल्यावर ‘टक्’ वाजणाऱ्या छोट्या उपकरणाचा, आवाज करायचा किंवा एखादा छोटा, ठरलेला शब्द उच्चारायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. या आवाजाने कुत्र्याला कळते की बक्षीस नेमके कशाचे मिळाले. लहान कुत्र्यांच्या बाबतीत फरक पडतो तो मापांचा, आणि बहुतेकांचे प्रयत्न याच मापांपाशी अडतात.

पहिले माप उंचीचे. खांद्यापाशी वीस-बावीस सेंटिमीटर उंची असलेल्या कुत्र्यावर आपण उभ्याने वाकतो, तेव्हा आपले सगळे शरीर त्याच्यावर झेपावल्यासारखे त्याला वाटते. तो मागे सरकतो, कान पाडतो, आणि आपण म्हणतो की हा ऐकत नाही. म्हणून सुरुवातीचे धडे जमिनीवर बसून द्यावेत, तेही थोडे तिरके बसून. ‘बस’ शिकवताना खाऊ धरलेली बोटे त्याच्या नाकाला जवळजवळ चिकटलेली असावीत आणि तिथून डोक्यावरून हळूच मागे जावीत. हात एक वीतभर जरी उंच राहिला, तरी लहान कुत्रा बसण्याऐवजी मागच्या दोन पायांवर उभा राहतो. मग आपल्या नकळत त्याला उभे राहण्याचेच बक्षीस मिळू लागते. ‘झोप’ शिकवताना दुसरीच अडचण येते. पोट आधीच जमिनीच्या जवळ असल्यामुळे खाऊ खाली नेला तरी तो फक्त मान वाकवतो. अशा वेळी आपण जमिनीवर बसून एक गुडघा दुमडावा आणि त्या कमानीखालून खाऊ पलीकडे न्यावा. कमानीखालून जाण्यासाठी त्याला अंग टेकावेच लागते.

पायाशी चालण्याच्या सरावात माणसाच्या कमरेचे हाल होतात, कारण दर दोन पावलांना वाकून खाऊ द्यावा लागतो. यावर प्रशिक्षक वर्षानुवर्षे एक साधा उपाय वापरत आले आहेत. लांब दांड्याच्या लाकडी पळीच्या टोकाला थोडे चीज किंवा घट्ट दही लावावे, पळी आपल्या पायालगत कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर धरावी आणि सरळ चालावे. कुत्रा योग्य जागी चालत असेल, तेव्हा एक चाटण द्यावे. यामुळे आपले शरीर ताठ राहते, आणि पुढे पळी नसतानाही कुत्र्याला जी मुद्रा दिसणार आहे, तीच त्याला पहिल्या दिवसापासून दिसते.

दुसरे माप खाऊचे. तीन किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसभरात साधारण सव्वादोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात, आणि त्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक खाऊतून जाऊ नयेत, असा पशुवैद्यकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. म्हणजे दिवसाकाठी पंचवीस कॅलरींच्या आत भागवायचे. आपल्याकडे घरोघरी दिले जाणारे एक ग्लुकोज बिस्किट जवळजवळ तेवढ्याच कॅलरींचे असते! म्हणून खाऊचा तुकडा तुरीच्या दाण्याएवढा असावा. उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे उत्तम. नाहीतर त्याच्या रोजच्या जेवणातलाच भाग बाजूला काढून तो सरावासाठी वापरावा. धडा दोन-तीन मिनिटांचा असावा, दिवसातून दोनदा-तीनदा घ्यावा, आणि कुत्र्याला अजून हवासा वाटत असतानाच थांबवावा.

तिसरी बाब जमिनीची, आणि तिचा विचार आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. आपल्या फ्लॅटमधल्या फरशा गुळगुळीत असतात. लहान जातींमध्ये गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा दोष पुष्कळ आढळतो, आणि घसरत्या फरशीवर बसणे, उठणे, वळणे यांचा ताण थेट त्या गुडघ्यांवर येतो. योगासनांसाठी वापरतो तशी रबरी चटई अंथरली, तर हा ताण टळतो. शिवाय ‘चटईवर जा’ ही फार उपयोगी आज्ञा आपोआप शिकवायला मिळते. दाराची घंटा वाजली की भुंकत दाराकडे धावण्याऐवजी चटईवर जाऊन बसायचे, हा धडा मी प्रत्येक लहान कुत्र्याच्या घरात आवर्जून घ्यायला लावते. आधी शांत घरात सराव, मग घंटेचा मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेला आवाज अगदी हळू, मग मोठ्याने, आणि शेवटी खरी घंटा. घरातल्या सर्वांनी मात्र शब्द एकच वापरायला हवा. आजी ‘बस’ म्हणते, मुलगा ‘सिट’ म्हणतो आणि आई नुसते नाव घेऊन दटावते, अशा घरात कुत्र्याने कोणाचे ऐकावे?

उचलण्याविषयी मी सुरुवातीला कठोर बोलले, म्हणून येथे एक स्पष्टीकरण देते. रस्त्यावर मोकळ्या कुत्र्यांची टोळी अंगावर येत असेल, तर लहान कुत्र्याला उचलणे हाच योग्य निर्णय असतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक घडणीचा असतो, आणि त्या काळात लसीकरण पूर्ण झालेले नसते. तेव्हा पिल्लाला कडेवर घेऊनच बाजार, रिक्षा, शाळा सुटतानाची गर्दी दाखवावी. माझा आग्रह एवढाच आहे की उचलण्याआधी त्याला कळू द्यावे. ‘उचलते’ असा शब्द म्हणावा, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली घ्यावा, आणि प्रत्येक वेळी उचलल्यानंतर खाऊ द्यावा. काही दिवसांत शब्द ऐकताच कुत्रा स्वतः अंग स्थिर धरतो. वरून अचानक झडप घालणारे हात ज्याने वर्षभर सोसले आहेत, तो एक दिवस त्या हातांना चावतो, आणि मग त्याला रागीट ठरवले जाते.

पट्ट्याबद्दलही सांगते. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, टॉय पूडल या जातींमध्ये श्वासनलिका चपटी होण्याचा विकार आढळतो. गळपट्ट्याला हिसका देऊन चालायला शिकवण्याची जुनी पद्धत कोणत्याच कुत्र्यासाठी योग्य नाही, आणि या कुत्र्यांसाठी ती धोक्याची आहे. दोरी छातीच्या हार्नेसला लावावी.

आज्ञापालनाचा पाया झाला की अ‍ॅजिलिटीकडे, म्हणजे माणसाच्या इशाऱ्यावर उड्या, बोगदे, फळ्या असे अडथळे वेगाने पार करण्याच्या खेळाकडे, जाता येते. या खेळाचा जन्म फेब्रुवारी १९७८ मध्ये लंडनमधील क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात झाला. मुख्य कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत प्रेक्षकांसाठी काही करमणूक हवी होती, म्हणून जॉन व्हार्ली यांनी घोड्यांच्या अडथळा-उडीवरून ही कल्पना काढली आणि प्रशिक्षक पीटर मीनवेल यांच्या मदतीने ती प्रत्यक्षात आणली. तेव्हा धावले ते मोठे कुत्रे. लहान कुत्र्यांसाठी कमी उंचीचे गट नंतर आले. आज एफसीआय या जागतिक संघटनेच्या नियमांत खांद्यापाशी ३५ सेंटिमीटरहून कमी उंचीच्या कुत्र्यांचा स्वतंत्र गट आहे, आणि त्यात शेटलंड शीपडॉग आणि पॅपिलॉन यांचा वेग पाहण्यासारखा असतो. पॅपिलॉन म्हणजे फुलपाखरासारखे कान असलेला, शतकानुशतके युरोपातील राजघराण्यांच्या चित्रांत मांडीवर बसलेला दिसणारा कुत्रा!

प्रत्येक अडथळ्यात लहान शरीराचा प्रश्न वेगळा असतो. बारा काठ्यांच्या रांगेतून नागमोडी जाताना दोन काठ्यांमधले ६० सेंटिमीटरचे अंतर लहान कुत्र्याला ऐसपैस असते. मोठ्या कुत्र्याला सबंध पाठ वाकवावी लागते, तिथे हा सुरेख पळत जातो. चढउताराच्या फळीवर टोकाच्या रंगीत पट्ट्याला पाय लागणे बंधनकारक असते, आणि आखूड ढांगांमुळे लहान कुत्र्याचा पाय तिथे सहसा पडतोच. खरी परीक्षा सीसॉवर होते. मोठा कुत्रा मध्य ओलांडतो तोच फळी खाली जाते. अडीच किलोच्या कुत्र्याला जवळजवळ टोकापर्यंत चालत जावे लागते आणि फळी सावकाश खाली येईपर्यंत हवेत तोल सांभाळत थांबावे लागते. म्हणून सीसॉचा सराव उलट क्रमाने करावा. आधी जमिनीवर ठेवलेल्या डुगडुगत्या पाटावर चारही पाय ठेवायला शिकवावे, मग फळीचे टोक हाताने धरून अगदी थोडे खाली जाऊ द्यावे, आणि फळी जमिनीवर आपटण्याचा आवाज खाऊशी जोडावा. जो कुत्रा त्या आवाजाला एकदा घाबरला, त्याची भीती घालवायला महिने लागतात.

घरच्या घरी सुरुवात करायला मोठे मैदान लागत नाही. सोसायटीची गच्ची किंवा रिकामे पार्किंग पुरते, फक्त गच्चीचा कठडा जाळीदार असेल तर फटी बंद कराव्यात. प्लंबिंगच्या दुकानातून पातळ पीव्हीसी पाइप आणून दोन विटांवर नुसता टेकवून ठेवावा, म्हणजे धक्का लागताच तो पडेल. बांधलेला पाइप पाय मोडू शकतो. उंची कुत्र्याच्या पुढच्या पायाच्या मनगटाहून अधिक नसावी. लहान मुलांच्या खेळण्यातला कापडी बोगदा चालतो. सुरुवातीला तो पूर्ण आवळून केवळ कड्याएवढा ठेवावा आणि पलीकडून कुत्र्याशी नजर जुळवून बोलवावे.

सगळ्याच लहान कुत्र्यांनी उड्या माराव्यात, असे मी म्हणणार नाही. आखूड पायांच्या डॅशंडच्या मणक्यांमधील चकत्या लवकर झिजतात, म्हणून त्याच्यासाठी उड्या नकोतच. पग आणि शिह त्झू यांची नाके चपटी असल्याने धापा टाकून शरीर थंड करण्याची त्यांची क्षमता तोकडी पडते. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात किंवा नागपुरात त्यांना सकाळी सातनंतर धावायला लावणे धोक्याचे आहे. या कुत्र्यांसाठी ‘हूपर्स’ हा प्रकार फार चांगला आहे. त्यात जमिनीवर उभ्या केलेल्या कमानींतून फक्त धावत जायचे असते, उडी कुठेच नसते. वास घेऊन वस्तू शोधण्याचा खेळही तितकाच समाधान देतो, आणि तो दिवाणखान्यात पंख्याखाली खेळता येतो.

वयाचा प्रश्न पुष्कळ जण विचारतात, म्हणून शेवटी तेही सांगते. लहान जातींची हाडे मोठ्या जातींपेक्षा लवकर पक्की होतात, तरीही पूर्ण वाढ होईपर्यंत उडीचा पाइप जमिनीवरच असावा आणि नागमोडी काठ्यांचा सराव थांबवावा. एफसीआयच्या स्पर्धांत १८ महिन्यांखालील कुत्र्याला, तर अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धांत १५ महिन्यांखालील कुत्र्याला प्रवेशच नसतो. पहिली उडी मारायला लावण्याआधी पशुवैद्यकांकडून गुडघे आणि हृदय तपासून घ्यावे, आणि आठ-नऊ वर्षांच्या पुढे ही तपासणी दर सहा महिन्यांनी करावी. त्या वयात पाइप पुन्हा जमिनीवर आणावा, बोगदा आणि चटई मात्र चालू ठेवावी; म्हातारा कुत्राही नवी आज्ञा शिकतो, त्याला प्रत्येक प्रयत्नामागे थोडा अधिक वेळ द्यावा लागतो इतकेच.