नट सुटला, सांधा सुटेना

(दृश्य: मालवणजवळचं रस्त्याकडेचं गॅरेज. पत्र्यावर पाऊस. घोडीवर चढवलेला पिकअप, पुढचं डावं चाक काढलेलं.)

नट कधीच सैल झालाय. बॉल जॉइंट मात्र जागचा हलायला तयार नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि मासळी वाहणाऱ्या गाड्या अशा गॅरेजात. हा पिकअप एरवी सुरमई-बांगडे भरून फोंडा घाट चढतो आणि कोल्हापूर गाठतो. मे महिन्यापासून गतिरोधकावर पुढच्या चाकातून टकटक येत होती. मालकाने गाण्यांचा आवाज वाढवला. सगळेच वाढवतात.

चाकाने वरखालीही व्हायचं आणि वळायचंही. म्हणून चाक धरणारं नकल आणि खालचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा हात, यांच्यामध्ये हा सांधा. आपल्या खुब्यासारखाच: वाटीत गोळा, भोवती ग्रीस, वर रबराची टोपी. टोपी फाटली की पाणी आत शिरतं आणि ग्रीस धुऊन जातं. मग गोळा वाटीत खुळखुळायला लागतो. तो वाटीतून निसटला तर चाक जागच्या जागी कोलमडतं. उतारावर भरलेल्या गाडीचं असं झालं, तर पुढचं बोलायला नको.

(दृश्य: गंजलेलं नकल, जवळून.)

मासळीच्या हौद्यातून गळणारं खारं पाणी मागचे स्प्रिंगचे पाटे खातं. पुढच्या चाकांचं दुखणं वेगळं. जेट्टीवरची डबकी आणि किनाऱ्यावरची ओली वाळू त्यांच्या वाट्याला येते. पावसाळ्यात घरातली मिठाची बरणी जशी ओलसर होते, तसंच लोखंडावर बसलेलं मीठही हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी कोरडी दिसते, पण खालून कधी सुकतच नाही.

तरी सगळा दोष गंजाला देणं मला पटत नाही. या सांध्याची रचनाच घट्ट बसण्यासाठी आहे. गोळ्याची दांडी निमुळती आणि नकलाचं भोकही निमुळतं. नट आवळला की दांडी पाचरीसारखी आत खेचली जाते. नट काढला म्हणून पाचर सुटत नाही. वर गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तो फटीत फुगून आणखी आवळतो. डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मारला तर नटाला त्याचा चांगला उपयोग होतो. पाचरीत मात्र तो फारसा पोचत नाही.

हाताखालचा पोरगा नट पूर्ण काढायला जातो. मिस्त्री त्याचा हात धरतात.

“पुरो नट काढू नको. दोन आटे ऱ्हवांदे.”

कारण या गाडीत लोअर आर्मवर स्प्रिंग दाबलेली आहे. सांधा एकदम सुटला तर आर्म खाली झेप घेईल. म्हणून सैल नट दांडीवरच ठेवायचा, आणि आर्मखाली जॅक. हे दोन्ही नसताना खाली डोकं घालणारा मेकॅनिक शूर नव्हे.

(दृश्य: दोन हातोड्या.)

नवखा माणूस दांडीच्या टोकावर घाव घालतो. टोक फुलतं, आटे बसतात आणि मग नटही निघत नाही. दांडीला हात न लावता, ती जिथे बसली आहे त्या नकलाच्या डोळ्यावर बाजूने ठोकायचं असतं. एका बाजूला जड हातोडी टेकवून धरायची, समोरून दुसरी मारायची. क्षणभर डोळा किंचित लांबट होतो आणि पकड सुटते. आर्मवर पहार टेकवून खाली दाब देत राहिलं तर घावाला साथ मिळते. नकल अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर मात्र हातोडी बाजूला ठेवायची. तिथे स्क्रू आवळून दांडी बाहेर ढकलणारा पुलर.

दोन पात्यांचा फोर्क ठोकूनही सांधा निघतो, पण रबरी टोपी फाटते. जुना सांधा टाकायचाच असेल तर चालेल. दुसऱ्या कामासाठी नुसता सोडवायचा असेल तर फोर्क वापरणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशात हात. गॅसची ज्योत तर शेजारी ब्रेकची रबरी नळी असताना नकोच.

(आवाज: ठण्. ठण्. मग एक वेगळाच, बोदा आवाज.)

तो बोदा आवाज ऐकला की मिस्त्री हातोडी खाली ठेवतात. आर्म नटापर्यंत येऊन थांबलाय.

आता आर्मचा भार जॅकवर घेऊन नट काढायचा, आणि मगच जॅक हळू उतरवायचा. नवा सांधा बसवताना निमुळतं भोक पुसून कोरडं करायचं, तिथे ग्रीस लावायचं नाही. नट आवळल्यावर कॉटर पिनचं (नट आपोआप फिरू नये म्हणून आरपार घालायची पिन) भोक जुळलं नाही तर नट आणखी थोडा पुढे न्यायचा. मागे सोडायचा नाही. पिन नवीनच हवी. आणि गाडी बाहेर पडली की चाकांची अलाइनमेंट.

मालक विचारतो, “झाला मां?”

मिस्त्री उत्तर देत नाहीत. उजव्या चाकाखाली जॅक लावतात, टायरखाली पहार घालून हलवून बघतात.

टक.