पोदेराचा भोंगा आणि काळूची उडी

[पहाट. डिचोली तालुक्यातलं एक गाव. दुरून भोंगा.]

पोंक पोंक... पोदेराची, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याची, सायकल अजून वळणापलीकडे आहे. पण काळू उठलाय. कान ताठ, तोंडाला लाळ. उंड्यांचा, त्या गोल पावांचा, वास अंगणात पोचलेला नाही. पोचलाय तो नुसता भोंगा.

रशियात इव्हान पाव्हलॉव्ह यांना हेच दिसलं होतं. ते खरं तर पचनक्रियेचा अभ्यास करत होते, १९०४ चं नोबेलही त्यासाठीच मिळालं. पण कुत्र्यांना अन्न दिसण्याआधीच, नुसत्या चाहुलीनं लाळ सुटायची.

लाळ आपोआप सुटते. उडी मात्र काळू मुद्दाम मारतो. सायकल थांबली की पंजे थेट आजीच्या साडीवर. "काळ्या, खाली हो!" आजी त्याला ढकलते, ढकलता ढकलता मानेवर थोपटते, आणि वर उंड्याचा तुकडाही देते.

"आजी, तूच त्याला उड्या मारायला शिकवतेस," नात म्हणते.

"मी गो? मी तर ओरडते त्याला!"

आजीच्या लेखी ती शिक्षा आहे. पण रात्रभर अंगणात एकट्या पडलेल्या कुत्र्याकडे कुणीतरी बघितलं, बोललं, त्याला हात लावला! काळूच्या लेखी मेजवानीच.

१८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेली मांजरं खोक्यात कोंडली आणि बाहेर मासळी ठेवली. मांजर ओरबाडायचं, चावायचं, कधीतरी चुकून पंजा दोरीला लागायचा आणि दार उघडायचं. पुढच्या खेपांना तोच पंजा हळूहळू लवकर लागू लागला. फळ देणारी कृती टिकते, बाकीच्या गळतात. पाठ्यपुस्तकात याला 'प्रबलन' म्हणतात. शब्द ऐकूनच कुत्रा पळेल, पण काम सोपं आहे.

[नातीच्या हातात बॉलपेन. वाटीत उकडलेलं कोंबडीचं काळीज, शेंगदाण्याएवढे तुकडे.]

पहिल्या दिवशी काही शिकवायचं नाही. टिक, तुकडा. टिक, तुकडा. वीसेक वेळा. पेन आता पोदेराचा भोंगा झालं.

मग वाट बघायची. काळू उडी मारतो, ती पाठ फिरवते. पुन्हा उडी, पुन्हा पाठ. शेवटी कंटाळून त्याचं ढुंगण जमिनीला टेकतं. टिक! तुकडा दोन सेकंद उशिरा आला तरी चालेल, टिक मात्र टेकता क्षणीच हवं. तो उठल्यावर वाजलं, तर बक्षीस उठण्याला गेलं.

तिसऱ्या दिवशी काळू बिघडला. उड्या दुप्पट, वर भुंकणं. बहुतेक घरं इथंच हात टेकतात. खरं तर नळाला पाणी आलं नाही की आपणही तोटी आणखी पिळतो, तसलाच हा प्रकार. पण याच वेळी वैतागून "घे बाबा" म्हटलं, तर काळू एवढंच शिकेल की एक उडी पुरत नाही, दहा माराव्या लागतात.

कधीतरी मिळणारं बक्षीस तर फारच चिवट. दाणा कितव्या टोचीला पडेल याचा नेम नसला की मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगातली कबुतरं टोचतच राहायची. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर मशीनसमोर बसलेल्यांचा हातही याच कारणानं बटणावरून निघत नाही. आणि किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये नऊ गिऱ्हाइकं कुत्र्याला हाकलतात, दहावं तळलेल्या इसवणाचा तुकडा टाकतं. वर आपणच म्हणायचं, इथली कुत्री लाचावलीत!

भीतीचं गणित मात्र वेगळं. चवथीच्या फटाक्यांनी खाटेखाली शिरलेल्या काळूला जवळ घेतलं, तुकडा दिला, तर तो घाबरायला 'शिकत' नाही. भीती काही तो कमाईसाठी करत नाही. खुशाल जवळ घ्या.

[दहावा दिवस. पोंक पोंक.]

काळू बसलाय. शेपटीनं अंगणातली माती झाडली जातेय. आजी गुपचूप उंडे मोजून घेते. टिक.

तेवढ्यात शेजारचे काका फाटकातून आत येतात. "काय रे काळ्या!" हात पसरलेले. काळू दोन्ही पंजांसकट त्यांच्या छातीवर, आणि काका खूश!

नात वाटी काकांच्या हातात देते.

"काका, परत फाटकाबाहेर जा. आणि आता आत या, पण हात खाली ठेवून."